पुळणीवरचे पाहुणे

नाताळची सुटी लागली की बेळगाव-निपाणी भागातून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची संख्या वाढू लागते. निपाणीहून निघालेला रस्ता राधानगरीवरून फोंडा घाट उतरून देवगडकडे जातो. बेळगावचा जुना रस्ता चंदगड तालुका ओलांडून आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीस आणि तेथून वेंगुर्ल्यास पोचतो. बेळगावच्या छावणीस लागणारे सामान एके काळी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून घाटावर चढत असे. आज या रस्त्यांनी मुलेबाळे, डबे, चटया आणि समुद्रस्नानाची हौस घेऊन कुटुंबे खाली येतात. अलीकडे त्यांत गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर लांब भिंगाचा कॅमेरा अडकवलेला एखादा गृहस्थही दिसू लागला आहे.

हा गृहस्थ किनाऱ्यावर पोचतो त्याच्या बरेच आधी, ऑगस्टच्या अखेरीपासूनच, दुसरे काही प्रवासी तेथे येऊन उतरलेले असतात. चिखल्या, तुतवार, कुरव, सुरय अशी त्यांची नावे. कोणी लडाख-तिबेटच्या पठारांवरून, कोणी मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून, तर कोणी थेट उत्तर ध्रुवालगतच्या उजाड भूमीवरून आलेला असतो. एप्रिल-मेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. या पाहुण्यांची ओळख कशी करून घ्यावी, त्यांचे छायाचित्र कसे टिपावे, आणि हे करीत असता त्यांच्या पाहुणचारात उणे कसे पडू देऊ नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

घाटावरच्या माणसाची पहिली फजिती बहुधा समुद्रच करतो. तो सकाळी आरामात न्याहारी उरकून दहा-अकराच्या सुमारास पुळणीवर येतो आणि पाहतो तो समोर नुसते पाणी, नाहीतर दूरवर पसरलेली ओली वाळू आणि तिच्या पलीकडच्या कडेला हलणारे काही ठिपके. पक्षी नाहीतच, असा निष्कर्ष काढून तो परत फिरतो. वास्तविक चुकलेली असते ती वेळ. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे घड्याळ सूर्यावर चालत नाही, ते चंद्रावर चालते. ओहोटी लागली की वाळूतील किडे, शिंपले आणि बारीक खेकडे उघडे पडतात आणि पक्षी दूरवर पांगून चरू लागतात. भरती आली की ती जागा पाण्याखाली जाते आणि हेच पक्षी एखाद्या उंचवट्यावर, खाडीच्या तोंडाशी किंवा मिठागराच्या बांधावर दाटीवाटीने विसावतात. शिरोड्याची मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदली गेली. पक्ष्यांच्या लेखी मिठागर म्हणजे भरतीच्या वेळची धर्मशाळा आहे.

या घड्याळाचा हिशेब कोकणातल्या मच्छीमारांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पंचमीस भरती पावणेचारला. पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराला, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या आसपासची भरती मात्र भांगाची, म्हणजे बेताची. हे गणित छायाचित्रकाराच्या फार उपयोगी पडते. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य निरीक्षकाच्या पाठीशी, माडांच्या वर असतो आणि त्याचा उजेड पक्ष्यांवर समोरून पडतो. दुपारनंतर तोच सूर्य समुद्राकडे सरकतो आणि पाण्याच्या कडेचे सारे पक्षी काळ्या आकृत्या होऊन बसतात. तेव्हा ज्या दिवशी सकाळच्या उजेडात पाणी चढत असेल तो दिवस उत्तम. द्वादशीस भरती नऊला, तर पौर्णिमेस सव्वाअकराला. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांतील हे शेवटचे तीन-चार दिवस ज्याने सुटीच्या बेतात धरले, त्याचे निम्मे काम झाले. त्याने सूर्योदयास पुळणीवर जाऊन एका जागी बसावे. चढते पाणी पक्ष्यांना आपण होऊन त्याच्याकडे आणून सोडते. पाठलाग करणाऱ्यास जे अंतर तासभर धावूनही तुटत नाही, ते बसून राहणाऱ्यासाठी समुद्र अर्ध्या तासात तोडून देतो.

मात्र किनाऱ्याच्या पक्ष्यांचा अभ्यास किनाऱ्यावरच सुरू करावा लागतो, असे नाही. बेळगाव जिल्ह्यातील माणसास त्याची प्राथमिक शाळा घराजवळच उपलब्ध आहे. घटप्रभा नदीवर गोकाक तालुक्यात धुपदाळ येथे ब्रिटिश अमदानीत बांधलेला बंधारा आहे. त्याच्या जलाशयाचा परिसर १९७४ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याच नदीवर वरच्या अंगास हिडकलचे मोठे धरण आहे. निपाणीच्या आसपास वेदगंगा आणि दूधगंगा यांची पात्रे आहेत. पावसाळा संपून पाणी ओसरू लागले की या जलाशयांच्या कडेने चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि ज्यांना आपण समुद्राचे पक्षी म्हणतो त्यांतील कित्येकांचे भाऊबंद तेथे दिसू लागतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, शेपटी सतत वरखाली करणारा तुतवार, पाण्यावर तरंगत उडणारा सुरय, ही सारी मंडळी दोन्हीकडची आहेत.

या शाळेचा पहिला धडा म्हणून कंठेरी चिखल्या घ्यावा. हा मुठीएवढा पक्षी नदीच्या वाळवंटात दुडूदुडू धावतो, अचानक थांबतो, एखादा किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. त्याच्या गळ्यात काळा पट्टा असतो आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. हे कडे नीट पाहून ठेवावे. कारण पुळणीवर गेल्यावर त्याचाच एक भाऊ भेटतो. त्याला केंटिश चिखल्या म्हणतात. आकार जवळजवळ तोच, धावणे तेच. पण डोळ्याभोवती पिवळे कडे नाही, पाय काळसर, आणि गळ्याचा पट्टा छातीवर येऊन पुरा न होता दोन्ही बाजूंस तुटलेला. हाही आतल्या जलाशयांवर कधी कधी येतो. ज्याने नदीकाठी पहिला चिखल्या शंभर वेळा पाहिला आहे, त्याला दुसरा दिसताच काहीतरी निराळे आहे एवढे तरी लगेच कळते. ओळख पटण्याची सुरुवात या 'निराळे आहे' पासूनच होते.

नवशिका निरीक्षक आधी रंग पाहतो आणि तेथेच फसतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे बहुतेक किनारपक्षी विणीचा झगझगीत वेश मागे ठेवून मातकट, करड्या साध्या पोशाखात आलेले असतात. पाय चिखलाने माखले की पिवळे पायही काळे दिसतात, आणि संध्याकाळच्या उन्हात पांढरे पोट तांबूस भासते. म्हणून रंगाआधी तीन गोष्टी पाहाव्यात: चोच, पाय आणि चाल. चोच डोक्याच्या तुलनेत केवढी, सरळ की वाकडी? कर्ल्यू आणि व्हिंब्रेल या दोघांचीही चोच कोयत्यासारखी खाली वाकलेली असते. परंतु कर्ल्यूची फारच लांब आणि त्याचे डोके साधे. व्हिंब्रेलची तुलनेने आखूड आणि डोक्यावर गडद पट्टे. गॉडविटची चोच लांब खरी, पण ती सरळ, किंवा किंचित वर उचललेली. तांबड्या पायांचा टिलवा उडाला की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी चमकते. बसला असता तिचा मागमूसही नसतो. आणि चाल? फेसाळ लाटेच्या कडेने, ती मागे सरली की तिच्यामागे धावणारे आणि ती परतली की तिच्यापुढे पळणारे फिकट पांढरट पक्षी दिसले, तर ते सँडरलिंग. उत्तर ध्रुवालगत जन्मलेल्या या पक्ष्यास मागचे बोट नसते. पण ते पाहण्याची गरज सहसा पडत नाही. चाल सांगते तेवढे पुरे असते.

नावेसुद्धा फसवतात. मच्छीमारांनी रापण ओढली की तिच्याभोवती कुरवांचा गलका होतो. त्यांतील दोन जातींची पुस्तकी नावे 'तपकिरी डोक्याचा' आणि 'काळ्या डोक्याचा' अशी आहेत. निरीक्षक मोठ्या उत्सुकतेने तपकिरी आणि काळी डोकी शोधू लागतो, आणि सर्वांचीच डोकी पांढरी, कानापाशी एक गडद डाग, एवढेच त्याला दिसते. ती नावे विणीच्या हंगामातली आहेत. हिवाळ्यात डोके न पाहता उघडलेला पंख पाहावा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाची टोके काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात; काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी शुभ्र असते. सुरयांतही असेच आहे. घाटावरच्या जलाशयावरील नदी सुरयाची चोच पिवळी, आणि समुद्रावरील मोठ्या तुरेवाल्या सुरयाचीही पिवळीच. मात्र पहिल्याचे पाय तांबडे, दुसऱ्याचे काळे. शिवाय दुसऱ्याच्या डोक्यामागे विस्कटलेला तुरा असतो.

आणि एवढे सारे पाहूनही काही पक्षी ओळखता येत नाहीत. मोठ्या आकाराच्या कुरवांच्या बाबतीत तर जाती किती आणि कोणत्या यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. त्यांना प्रौढ होण्यास काही वर्षे लागतात आणि दर वर्षी पिसारा बदलत जातो. अशा वेळी वहीत 'मोठा कुरव, जात निश्चित नाही' असे लिहिण्यास संकोच वाटू नये. शाळेत ज्या मुलाने एखाद्या प्रश्नाचे उत्तर कोरे सोडले असेल, त्याला शिकवता येते. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घेतलेले बरोबर उत्तर मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. पक्षिनिरीक्षणात शेजाऱ्याची पाटी म्हणजे आधीच ठाऊक असलेली अपेक्षा. अमुक ठिकाणी अमुक दुर्मीळ पक्षी दिसला असे ऐकले की सर्वांनाच तो दिसू लागतो.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. या प्रदेशातील पक्ष्यांच्या नोंदी दीडशे वर्षांइतक्या जुन्या आहेत. बेळगावच्या छावणीत राहिलेल्या कॅप्टन ई. ए. बटलर या लष्करी अधिकाऱ्याने १८८१ साली दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातील पक्ष्यांची सविस्तर यादी ह्यूमसाहेबांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. घाटाखालच्या उत्तर कानडा जिल्ह्यात जे. डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने तेथील पक्ष्यांवर लिहिले. ते १८९८ च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. साताऱ्यात जन्मलेले आणि मीठ व जकात खात्याच्या नोकरीत कारवारकडे राहिलेले ई. एच. एटकिन हेही याच परंपरेतले. पण त्या काळी ओळख पटवण्याचे मुख्य साधन बंदूक होती. पक्षी मारावा, कातडे भरावे आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावे, अशी रीत होती. हाती धरता येईल असे निश्चित प्रमाण दुसरे नव्हते. डॉ. सलीम अली यांची पक्षिविद्येतील वाटचालही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ साली निघाले, आणि हातात दुर्बीण व खिशात पुस्तक एवढ्या सामग्रीवर सामान्य माणसास पक्षी ओळखता येऊ लागला.

बंदुकीची जागा पुढे कॅमेऱ्याने घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आश्रयास आलेले लोक वान थो हे सिंगापूरचे उद्योगपती सलीम अलींच्या सहवासात पक्ष्यांची छायाचित्रे घेऊ लागले आणि त्यांनी त्या कलेत मोठे नाव कमावले. त्या काळची भिंगे आखूड पल्ल्याची आणि फिल्म मंद होती. म्हणून छायाचित्रकारास आडोसा उभारून घरट्याच्या अगदी जवळ बसावे लागे. पक्षी हमखास परत येईल अशी ती एकच जागा होती. आज साधन बदलले आहे. पन्नास-साठ पावलांवरच्या चिखल्याच्या डोळ्याचे कडे दाखवणारी भिंगे हौशी माणसाच्या हाती आली आहेत आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात उडता सुरय स्थिर करता येतो. म्हणजे जवळ जाण्याची गरज कमी झाली. नवल असे की जवळ जाण्याचा मोह मात्र कमी झाला नाही. तो वाढला आहे.

छायाचित्राचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. डोळ्याने निसटलेली पंखाची पट्टी छायाचित्रात सापडते. आपली चूक दुसऱ्यास दाखवून दुरुस्त करून घेता येते. पायात वाळे किंवा अक्षरे असलेली छोटी ध्वजिका घातलेला पक्षी आढळला, तर त्या अक्षरांच्या छायाचित्रावरून तो कोठे आणि कधी पकडून सोडला होता याचा माग लागतो. यासाठी सुंदर चित्राची आवश्यकता नसते. चोच बाजूने दिसावी, पाय दिसावेत, जमल्यास उघडा पंख आणि शेपटी दिसावी, एवढे झाले की पुरे. असे चार साधे फोटो एका देखण्या फोटोपेक्षा ओळखीच्या कामी अधिक येतात. कारण एकच छायाचित्र खोटेही बोलते. मान तिरकी झाली की चोच आखूड दिसते आणि अंग फुगवले की बारीक पक्षी लठ्ठ भासतो. म्हणून कॅमेरा उचलण्याआधी दोन मिनिटे नुसते पाहावे आणि पाहिलेले तेथल्या तेथे वहीत लिहावे. देखणे चित्र हवेच असेल तर वाळूवर पालथे पडावे. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले चित्र तर चांगले येतेच, शिवाय पालथ्या पडलेल्या माणसास पक्षी कमी भितात.

आता या साऱ्या हौसेची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे. किनाऱ्यावर विसावलेला थवा आपल्याला निरुद्योगी दिसतो. पण तो स्वस्थ बसलेला नसतो, तो शिल्लक टाकत असतो. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवावी लागते. काही जातींत निघतेवेळचे वजन नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होते. ही शिल्लक कशासाठी लागते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात जेमतेम पाच महिन्यांचे एक गॉडविट अलास्कातून निघाले आणि कोठेही न उतरता अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोचले. त्याच्या पाठीवर बसवलेल्या लहानशा यंत्राने ही वाट नोंदवली. आपल्या किनाऱ्यावरचे पाहुणे याच कुळातले आहेत. भरतीच्या वेळी दाटीने बसलेल्या थव्यावर कोणी उडत्या पक्ष्यांच्या चित्रासाठी धावून गेला, कुत्रा सोडला किंवा वाळूवरून गाडी पळवली, की तो सारा थवा उठतो आणि दहा मिनिटे हवेत फिरतो. एकदा घडले तर बिघडत नाही. परंतु सुटीच्या दिवशी हे दहा वेळा घडते, आणि प्रत्येक वेळी त्या शिल्लकीतून थोडे खर्ची पडते. पक्षी तक्रार करीत नाही. एप्रिलमध्ये तो निघतो आणि वाटेत कोठे कमी पडला तर ते आपल्याला कळतही नाही.

घरट्याच्या बाबतीत तर किंमत तात्काळ मोजावी लागते. नदी सुरय आणि चिखल्या उन्हाळ्यात उघड्या वाळूवर, खडकाळ बेटांवर अंडी घालतात. ती वाळूच्या रंगाची असल्यामुळे पायाखाली आली तरी दिसत नाहीत. छायाचित्रकार जवळ बसून राहिला की आईबाप दूर उभे राहतात आणि भर उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात निकामी होतात. चिखल्या पंख मोडल्याचे सोंग करून फरफटत दूर जाऊ लागला, तर ते मोठे दुर्मीळ दृश्य मिळाले असे समजून कॅमेरा सरसावू नये. तेथून आल्या वाटेने मागे फिरावे. तो 'माझी अंडी तुझ्या पायाशी आहेत' एवढेच सांगत असतो.

याच संदर्भात वेंगुर्ल्याचे नाव पुन्हा घ्यावे लागते. तेथील किनाऱ्यापासून सुमारे चौदा किलोमीटर आत समुद्रात दीपगृह असलेल्या खडकाळ बेटांचा एक समूह आहे. १८७५ साली ह्यूमसाहेब तेथे गेले होते. पुढे १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी त्या बेटांवरील सुरय आणि गुहांत लाळेची घरटी करणाऱ्या पाकोळ्या यांच्याविषयी लिहिले. भुवईवर पांढरी रेघ असलेले ब्रायडल्ड सुरय पावसाळ्याच्या तोंडाशी या खडकांवर वीण करतात. ज्या दिवसांत समुद्र खवळतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेच दिवस त्यांनी निवडले आहेत. तेथपर्यंत जाणे दुर्घट आहे, म्हणूनच ते तेथे आहेत. पाकोळ्यांच्या घरट्यांना परदेशी बाजारात किंमत येते, त्यामुळे त्या गुहांना चोरांचाही उपद्रव झाला. अशा ठिकाणी छायाचित्राच्या नादाने पाय ठेवण्यापेक्षा, मे महिन्यात किनाऱ्यावरच्या एखाद्या टेकडीवर दुर्बीण लावून बसावे आणि दूर पाण्यावरून जाणारा एखादा सुरय दिसला तर तेवढ्यावर समाधान मानावे, हेच खऱ्या हौशी माणसास शोभते.

असे असेल तर या हौसेतून निष्पन्न काय होते, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर आज आकड्यांत देता येते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो मोठा अहवाल निघाला, तो सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेल्या तीन कोटी निरीक्षणांच्या आधारे तयार झाला. त्यांतील बहुतेक निरीक्षक शिक्षक, कारकून, वैद्य, विद्यार्थी, गृहिणी असे हौशी लोकच होत. दूरवरून स्थलांतर करून येणाऱ्या किनारपक्ष्यांची संख्या घटत चालली आहे, हे याच नोंदींतून दिसून आले. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तीही अशाच स्वयंसेवकांच्या बळावर चालते. एखाद्या तळ्यावर आज किती शेकाट्ये होते, ही निपाणीकडच्या माणसाची नोंद क्षुल्लक वाटते. पण तीच नोंद त्याच तळ्यावर दहा वर्षे झाली, की ती दुसरे कोणी देऊ शकणार नाही असा पुरावा बनते. मात्र एक अट आहे. ती नोंद खरी पाहिजे. जात निश्चित नसताना घातलेले नाव, न मोजता लिहिलेला आकडा, फोटोसाठी पक्षी उठवून मग केलेली गणना, या गोष्टी त्या तीन कोटींच्या राशीत खड्यासारख्या मिसळतात आणि वेचून काढणे दुरापास्त होते.

नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाण, भरती-ओहोटीची स्थिती, संख्या आणि काय दिसले ते लिहावे. नाव शेवटी लिहावे. आणि नाव लिहिताना आपल्या सीमाभागास एक सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. येथे एकाच तळ्याच्या काठी एकजण 'पक्षी' म्हणतो आणि दुसरा 'हक्की'. घाटाखाली मालवणी आणि कोंकणी नावे आणखी निराळी. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' रचून मराठी नावांचे मोठे भांडार लावून ठेवले आहे. त्याच्या जोडीला शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलेले कानडी नाव आणि रापणीवरच्या माणसाने सांगितलेले मालवणी नावही टिपून ठेवावे. शास्त्रीय नाव तर सर्वांस सामाईक आहेच. नावावरून वाद घालणे आपल्या भागास नवे नाही. चिखल्या मात्र कोणत्याही नावाने हाक मारली तरी त्याच चिखलात चरतो. त्याला लडाखहून येताना किती सरहद्दी ओलांडल्या याची खबर नसते, आणि धुपदाळच्या काठावर कोणत्या राज्याचा अंमल आहे याचीही नसते. त्याला हवा असतो तो उघडा चिखल, भरतीच्या वेळी बसायला निवांत जागा आणि त्याच्यापासून पुरेसे लांब राहणारी माणसे.

सुटी संपते. गाड्या पुन्हा घाट चढू लागतात. आपला हौशी गृहस्थ आंबोलीला चहासाठी थांबतो आणि वही उघडून पाहतो. चार दिवसांत त्याला सतरा जाती ओळखता आल्या, दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे आणि एका ओळीपुढे नाव कोरे आहे. त्याच्या कॅमेऱ्यात जगाला दाखवावे असे एकही चित्र कदाचित नसेल. पण द्वादशीच्या सकाळी तो पुळणीवर पालथा पडला असता, पाण्याबरोबर सरकत सरकत सँडरलिंगांचा एक घोळका त्याच्यापासून वीस पावलांवर येऊन चरला आणि आपल्याच वेळेस उठून गेला. त्याने त्यांना उठवले नाही. पुढच्या नाताळात त्यांतील काही पुन्हा त्याच पुळणीवर येतील. ती कोरी राहिलेली ओळही कदाचित तेव्हा भरेल.